घोड्याला कुट्टी घालताय? आधी ती कशाची आहे ते बघा

सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा अकलूजच्या बाजारात घोडा पसंत पडला, पैसे मोजले, टेम्पोत चढवून घरी आणला, इथपर्यंत सगळं झकास असतं. मग प्रश्न येतो खायला काय घालायचं, आणि ज्या घरात आधीपासून गायी-म्हशी आहेत तिथे उत्तर ठरलेलं असतं, गोठ्यात कुट्टी, म्हणजे यंत्रावर कापलेला चारा, आहेच की, त्यातलीच दोन घमेली ह्यालाही टाका. गाय खाते, बैल खातो, मग घोड्याला काय होतंय? तर घोड्याला बरंच काही होतं. आणि ते का होतं हे एकदा कळलं की कुट्टी कुठली घ्यायची, केवढी कापायची, कशी ठेवायची हे प्रश्न निम्मे तिथेच सुटतात, म्हणून आधी थोडं पोटाबद्दल बोलू.

गायीकडे रवंथ आहे. ती पटापट गिळते, मग निवांत बसून तेच परत वर आणून चावते, आणि चारा पहिल्यांदा जातो तोच मुळी जिवाणूंनी भरलेल्या मोठ्या थोरल्या कप्प्यात, तिथे तो कुजतो, फुगतो, काही विषारी गोष्टी तर तिथल्या तिथे मोडल्याही जातात. घोड्याचं सगळं उलटं. त्याचं जठर एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने अगदीच लहान, ८ ते १५ लिटरचं, आणि चारा कुजवणारे जिवाणू राहतात पार मागे, सीकम (मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेली पिशवी) आणि मोठ्या आतड्यात. म्हणजे चावायची संधी एकदाच, तोंडात असताना. नीट न चावलेलं काही पुढे गेलं की गेलं, कारण घोड्याला उलटीही करता येत नाही. आणि मोठ्या आतड्यात एका वळणावर रुंद नळी एकदम अरुंद होते, कोरडा, अर्धवट चावलेला, बारीक चारा पाणी कमी पडलं की नेमका तिथेच घट्ट अडकून बसतो. शूळ म्हणा, कॉलिक म्हणा, त्यातल्या बऱ्याच केसेस ह्या अशा असतात.

दुसरी भानगड आम्लाची. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास झिरपत असतं, पोटात काही असो वा नसो. ते मारायला लागते लाळ, आणि घोड्याला लाळ सुटते ती फक्त चावताना. एक किलो लांब वाळलं गवत खायला घोडा ढोबळमानाने तीन हजार वेळा जबडा हलवतो, तेवढ्याच वजनाच्या ओटच्या दाण्याला हजाराच्या आसपास. आता कुट्टी ह्या दोघांच्या मधे कुठेतरी बसते, आणि जितकी बारीक कापाल तितकी ती दाण्याकडे सरकते. माझ्या मते कुट्टीबद्दल फक्त हे एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ आहे. बारीक कुट्टी दिसायला चारा असते पण पोटात चाऱ्याचं पूर्ण काम करत नाही, त्यामुळे लांब चाऱ्याच्या जोडीला कुट्टी ठीक, लांब चाऱ्याच्या जागी नको.

मग कुट्टी द्यायचीच कशाला? कारणं आहेत आणि चांगली आहेत. चंदी म्हणजे भरडलेला हरभरा, जव, ओट वगैरे जे काही दाणे तुम्ही देता ते नुसते दिले तर अधाशी घोडा दोन मिनिटांत फस्त करतो, त्यात दोन ओंजळी कुट्टी मिसळली की त्याला चावत बसावं लागतं. म्हातारा घोडा, ज्याच्या दाढा झिजल्यात किंवा गळाल्यात, तो लांब गवत तोंडात घोळवून त्याचे गोळे खाली टाकतो, त्याला भिजवलेली कुट्टी म्हणजे वरदान (आणि गोळे टाकणारा घोडा तरुण असेल तर कुट्टी देण्याआधी दात दाखवून घ्या, दाढेला धार आलेली असते, ती घासली की पुन्हा नीट खायला लागतो). शिवाय कडब्याची अख्खी पेंढी टाकली तर पाला खाऊन बुडखे तुडवतो, कापून दिलं तर वाया कमी जातं. आणि तोबऱ्यात, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चाऱ्याच्या पिशवीत, भरून नेता येतं, वरातीच्या घोड्याला हे फार महत्त्वाचं, त्यावर पुढे येतो.

केवढी कापायची

डेअरीवाल्यांच्या कुट्टी मशीनवर गिअर बहुतेक वेळा अर्ध्या इंचावर लावलेला असतो, कारण म्हशीला ते चालतं. घोड्याला एक ते दीड इंच ठेवा. अर्ध्या इंचापेक्षा बारीक आणि वर कोरडी असली की घोडा ती नीट न चावता गिळतो आणि मग चोक होतो, म्हणजे अन्ननलिकेत बोळा अडकतो. ओळखायला सोपं आहे, मान ताणतो, खोकल्यासारखं करतो आणि नाकातून लाळेबरोबर चाऱ्याचे कण बाहेर येतात. अशा वेळी पुढचं खाणं-पाणी काढून घ्या, घोडा शांत उभा ठेवा, डोकं खाली राहू द्या आणि डॉक्टरला बोलवा. बांबूच्या नळीने गोडंतेल ओतायचा जो रिवाज आहे तो इथे जिवावर येतो, कारण अन्ननलिका बंद आहे म्हटल्यावर तेल जाणार कुठे, श्वासनळीतून थेट फुप्फुसात.

पात्यांना धार हवी. बोथट पातं चारा कापत नाही, चेचतं, आणि अशा कुट्टीत भुकटी फार निघते. भुकटी म्हणजे धूळ, धूळ म्हणजे खोकला, आणि वर्षानुवर्षं धुळकट चारा खाल्लेल्या घोड्याला दमा लागतो तो काही पूर्ण बरा होत नाही. मशीनवर काम करताना पेंढी हाताने आत रेटू नका, उपरणं-ओढणी बांधून घ्या. गावोगाव बोटं गेलेली माणसं आहेत, जास्त सांगायला नको.

कशाची कुट्टी

इथे जरा सविस्तर बोलू कारण सगळा घोळ इथेच आहे.

सगळ्यात उत्तम म्हणजे चांगलं वाळवलेलं गवत. हरळी घोड्याला फारच आवडते, मारवेल, पवन्या ही आपल्याकडची डोंगरगवतंही छान. फक्त ती फुलोऱ्यात असताना कापलेली हवीत, दसरा-दिवाळीनंतर पार पिवळी पडून कडक झाल्यावर कापलेलं गवत म्हणजे नुसतं लाकूड. कुसळी गवताच्या बाबतीत तर हे अजूनच खरं, कुसळ धरायच्या आत कापलं तर चारा, नंतर कापलं तर ती कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, घोडा लाळ गाळत उभा राहतो आणि आपण म्हणतो खात का नाही. कुट्टी केल्याने कुसळं जात नाहीत, उलट सगळीकडे सारखी मिसळतात.

रब्बीत पाणी असेल तर ओट लावा. राहुरी कृषी विद्यापीठाची फुले हरिता किंवा जुनी केंट जात, ५० टक्के फुलोऱ्यात कापून वाळवली तर घोड्यासाठी ह्याच्यासारखी कुट्टी नाही. ऑस्ट्रेलियात घोड्यांना जी कुट्टी पोत्यातून विकत आणून घालतात ती मुख्यतः हीच, ओटची नाहीतर लसूणघासाची.

लसूणघास म्हणजे लुसर्न. प्रथिनं १५ ते २० टक्के, कॅल्शियम भरपूर, घोडा वेडा होतो ह्याच्यासाठी. पण म्हणून पोटभर घालायचं नसतं, एकूण चाऱ्याच्या पाव ते तिसरा हिस्सा पुरे, नुसत्या उभ्या राहणाऱ्या घोड्याला तर त्याहून कमी. जास्त झालं की लघवी वाढते, तबेल्यात डोळे चुरचुरणारा वास सुटतो. हिरवा घास कापून लगेच कुट्टी करून ढीग मारला तर दोन-तीन तासांत ढीग आतून गरम लागतो, तो गरम झालेला घास घोड्याला अजिबात घालायचा नाही. आणि वाळवलेल्या घासाची सगळी ताकद पानांत असते, पानं झडून पोत्याच्या तळाशी बसतात, त्यामुळे वरची काडी एकाला आणि खालचा पाला दुसऱ्याला असं होऊ नये म्हणून पोतं ओतून, हलवून मग वाटा.

हरभऱ्याचा भुसा, विदर्भ-मराठवाड्यात ज्याला कुटार म्हणतात, घोडेवाल्यांचा जुना लाडका. गव्हाच्या भुशापेक्षा पौष्टिक आणि चवीला बरा. गव्हाच्या भुशात प्रथिनं जेमतेम ३ टक्के, तो पोट भरायला ठीक, पण नुसत्या गव्हाच्या भुशावर ठेवलेला घोडा आधी हाडं दाखवतो आणि मग एक दिवस शूळ धरतो. दोन्हीत एक अडचण सारखीच, हे मळणी यंत्रातून आलेलं असतं, म्हणजे बारीक असतं आणि त्यात माती असते. सोयाबीनच्या कुटारात धूळ आणि लव अजून जास्त. सूप-चाळण घ्या, वाऱ्यावर उफणा, मग गवताच्या कुट्टीत मिसळा, नुसतं देऊ नका.

आता ज्वारी. ज्वारीचा कडबा आपल्याकडे घोड्याला सर्रास घालतात, आणि व्यवस्थित पिकलेल्या, वाळलेल्या कडब्याची कुट्टी थोड्या प्रमाणात चालूनही जाते. पण कोवळी हिरवी ज्वारी, पाण्याच्या ताणात खुरटलेली किंवा कापल्यावर फुटलेला खोडवा, ह्यात हायड्रोसायनिक आम्लाचं विष असतं हे आपल्याला गायींमुळे माहीत आहे, किराळ लागलं म्हणतात ते. घोड्याच्या बाबतीत ह्याच्या पुढची एक गोष्ट आहे. ज्वारी आणि सुदान गवतावर आठवडेच्या आठवडे हिरवं चरलेल्या घोड्यांचं मागचं अंग लुळं पडतं आणि लघवी थेंबथेंब गळत राहते, मूत्राशयाचं नियंत्रण जातं. अमेरिकेत हे बऱ्याच घोड्यांत पाहिलं गेलंय, आणि एकदा झालं की सहसा भरून येत नाही. म्हणून हिरवी ज्वारी घोड्याला नाहीच, आणि वाळका कडबाही मुख्य चारा म्हणून नाही.

नेपियर, म्हणजे हत्ती गवत, बांधाबांधावर आहे, कापलं की परत येतं, त्यामुळे मोह होतो. ह्यात ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला आतड्यातच पकडून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. गायीच्या कोठ्यातले जिवाणू ऑक्झॅलेट बरंचसं मोडून टाकतात, घोड्याचे जिवाणू मागे राहतात आणि कॅल्शियम शोषलं जातं पुढे, लहान आतड्यात, म्हणजे मदत पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. उसाच्या वाढ्याचा दोषही हाच. त्यात जर तुम्ही गव्हाचा कोंडाही घालत असाल, ज्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट असतो, तर काय होतं? शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवायला हाडांतून काढून घेतं, आणि काही महिन्यांत घोड्याच्या तोंडाची हाडं दोन्ही बाजूंनी फुगतात, चाल आखडते, पाय बदलून बदलून लंगडतो. लोक नालबंदाला दोष देतात, नाल बदलतात, लेप लावतात, आणि कारण बसलंय गव्हाणीत. फुले जयवंत ही नेपियरची कमी ऑक्झॅलेटची जात आहे पण ती काढली गायी-म्हशींसाठी, घोड्याला नेपियर द्यायचाच तर थोडा, आणि जोडीला लसूणघास.

भाताचा पेंढा अंथरायला चांगला, खायला नाही. आणि मुरघास, म्हणजे हवाबंद करून आंबवलेला हिरवा चारा, आता गावोगाव त्याच्या बॅगा आल्यात, गायींना उत्तम, पण घोड्याला माझा सरळ नकार. बॅगेत एखादा उंदीर किंवा साप चेपला गेला किंवा माती गेली तर त्यात बॉटुलिझमचं विष तयार होऊ शकतं आणि घोडा त्या विषाला फार नाजूक आहे. बुरशी लागलेला मका आणि मक्याची बुरशी लागलेली कुट्टी त्याहून वाईट, त्यातल्या एका बुरशीच्या विषाने घोड्याच्या मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळतो, गाय तेच खाऊन ठीक असते. युरिया प्रक्रिया केलेला चाराही रवंथवाल्यांसाठी, घोड्याला त्याचा काही उपयोग नाही. आणि कुट्टीवर शिंपडायला गोठ्यातली पेंड किंवा कोंबडीखाद्य कधीच नको, काही खाद्यांत मोनेन्सिन, सॅलिनोमायसिन अशी औषधं असतात, कोंबडीला औषध आणि घोड्याला थोड्या प्रमाणातही हृदय बंद पाडणारं विष.

तयार कुट्टी विकत घ्यावी का

शक्यतो नाही. लांब चाऱ्यात घोडा स्वतः निवडतो, नको ते झुडूप ओठाने बाजूला सारतो, आणि आपल्यालाही दिसतं की पेंढीत काय आहे. कापलं की सगळा पुरावा गायब. गाजर गवत, घाणेरी, धोतरा, एरंड, सगळं एकाच रंगाचं एक इंचाचं होऊन जातं. कण्हेर तर वाळली तरी विष तसंच राहतं आणि मूठभर पानांत घोडा जातो. म्हणून चारा लांब घ्या, पेंढ्या सोडून बघा, आणि घरी कापा. छोटं मोटरचं मशीन दोन-तीन घोडेवाल्यांनी मिळून घेतलं तरी परवडतं.

तरीही विकत घ्यावीच लागली, जसं शहरात तबेला आहे, जागा नाही, तर पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून मधली कुट्टी काढा, वरची सगळेच चांगली ठेवतात. गरम लागली, ओलसर लागली, कुबट वास आला, हातात घेऊन झटकल्यावर पांढरट धूर उडाला, तर परत. एक मूठ बादलीभर पाण्यात टाका, ढवळा, तळाशी काय बसतं बघा. आणि पांढऱ्या कापडावर पसरून एक साधं लोहचुंबक फिरवा, तारेचे तुकडे, पात्याच्या कपच्या, खिळे, काय काय चिकटून येतं. पोत्यावर भाव ठरवू नका, वजनावर ठरवा, आणि ओल्या मालाचं वजन म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देताय हेही लक्षात असू द्या.

साठवण. चारा पूर्ण वाळलेला हवा, ओलावा १५ टक्क्यांच्या आत, म्हणजे काडी वाकवली की मोडली पाहिजे. ओला चारा गंजीत गेला तर आतून तापतो, आणि पहिल्या महिना-दीड महिन्यात कधीही स्वतःहून पेट घेऊ शकतो, ही अफवा नाही. शंका आली तर लोखंडी गज गंजीत खोल रोवा, पंधरा-वीस मिनिटांनी काढा, हातात धरवला नाही तर गंजी लगेच मोकळी करा (पाणी जवळ ठेवून, कारण हवा लागली की भडकते). जमिनीवर थेट रचू नका, खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट, भिंतीपासून हातभर अंतर, ताडपत्री टाकताना कडेने वारा खेळू द्या. प्लॅस्टिकने गच्च गुंडाळलं की आतल्या आत दव धरतं. पावसाळा हा खरा कसोटीचा काळ, आणि माथेरानसारख्या ठिकाणी तर जास्तच, मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात, पुढे चारा वर चढवून न्यायचा आणि एवढ्या पावसात कोरडा ठेवायचा. अशा ठिकाणी कुट्टी एक-दोन दिवसांचीच कापायची, बाकी लांब ठेवायचं. कोरड्या दिवसांत आठवड्याची एकदम कापली तरी चालते. कापल्याने चारा वाऱ्या-ओलाव्याला जास्त उघडा पडतो म्हणून तो लवकर बिघडतो, एवढंच कारण. उंदीर लागले म्हणून चाऱ्यात धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या ठेवू नका, मांजर पाळा.

किती आणि कशी

घमेल्याने मोजू नका, लसूणघासाचं घमेलं आणि गव्हाच्या भुशाचं घमेलं वजनात कुठल्या कुठे. ताणकाटा टांगून ठेवा. घोड्याचं वजन काढायला टेप पुरे, छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर उत्तर येतं ३४४ किलो, आपल्याकडच्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला साधारण शोभेल असं. ह्याच्या २ टक्के म्हणजे जवळपास ७ किलो वाळला चारा दिवसाला, आणि तो कधीही दीड टक्क्याच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ह्यातला निम्म्याहून जास्त लांब, बाकीची कुट्टी, तीही तीन-चार वेळा विभागून. रात्रीची खेप मोठी ठेवा, कारण सगळ्यात लांब उपास रात्रीचाच होतो.

पाणी शिंपडून द्या, धूळ बसते. भिजवलेली असेल तर त्याच खेपेला संपली पाहिजे, उन्हाळ्यात उरलेली कुट्टी दुपारपर्यंत आंबते. गव्हाण खाली ठेवा, घोडा मुळात मान खाली घालून खाणारा प्राणी आहे, उंचावरून खाल्लं की धूळ थेट नाकात. मीठ आणि दिवसभर स्वच्छ पाणी, उन्हाळ्यात ३० ते ४० लिटर सहज पितो, पाणी कमी आणि कोरडी कुट्टी जास्त हे कॉलिकचं नेहमीचं समीकरण.

वरातीच्या घोड्यांचे हाल मी बघत आलोय. दुपारी चारला सजवून उभा करतात, मुहूर्त लांबतो, बँड संपतो तेव्हा रात्रीचे दहा, आणि मधे पोटात काही नाही, आम्ल मात्र झिरपतंय. निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी किलोभर लसूणघासाची कुट्टी द्या, त्यातलं कॅल्शियम आम्ल मारतं आणि चाऱ्याचा थर जठराच्या वरच्या नाजूक भागावर आम्ल उसळू देत नाही. बरोबर तोबरा ठेवा, थांबा आला की वीस मिनिटं लावा, मग काढा, पाणी दाखवा. तोबरा बांधून विसरून जाऊ नका. परतल्यावर आधी पाणी आणि चारा, चंदी नंतर.

चारा बदलायचा तर ८-१० दिवस घेऊन, जुन्यात नवा थोडा थोडा वाढवत. मागच्या आतड्यातले जिवाणू जुन्या चाऱ्याला सरावलेले असतात, एकदम बदललं की ते मरतात, वायू धरतो. बाजारातून घोडा आणताना हे कोणी बघत नाही, म्हणून विकणाऱ्याकडूनच त्याच्या चाऱ्याची दोन-तीन पोती मागून घ्या, पैसे घेतले तरी द्या.

आणि रोज लीद बघा. गोळे मऊ, ओलसर, हिरवट-तपकिरी हवेत. लहान, कडक, चिकट चकाकी असलेले दिसले तर पाणी कमी पडतंय. लांब काड्या जशाच्या तशा दिसल्या तर दात. महिन्यातून एकदा मूठभर लीद पारदर्शक पिशवीत पाण्यात कालवून टांगून ठेवा, तळाशी बोटाला वाळू लागली तर तुमच्या भुशात माती आहे, चाळण बदला किंवा विक्रेता बदला. लीद आलीच नाही, घोडा पोटाकडे वळून बघतोय, पाय खरडतोय, पुन्हा पुन्हा लोळायला जातोय तर समोरचा सगळा चारा काढा, लोळू न देता हळूहळू फिरवा आणि डॉक्टरला फोन लावा, शेवटची लीद कधी टाकली आणि काल कुठली कुट्टी घातली हे दोन्ही त्यांना लगेच सांगा.